डोंगराच्या पायऱ्या मोजणारा माणूस

तासगावच्या द्राक्षबागेच्या बांधावर उभं राहून समोरच्या डोंगराकडे पाहिलंत, तर माथा सपाट आणि उतारावर पायऱ्या दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून आत जातो. या थरांच्या ‘डेक्कन ट्रॅप’ या नावातला ट्रॅप हा शब्दही पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरूनच आला.

या रचनेला भूरूपशास्त्राच्या नजरेनं वाचणाऱ्यांत पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागात प्राध्यापक राहिलेले विश्वास काळे यांचं नाव महत्त्वाचं. सह्याद्री आणि दख्खनच्या नद्या हा त्यांचा अभ्यासविषय. नर्मदेच्या काठी तर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वेगळीच वही उघडली. महापुराचं पाणी आडोशाला संथ होतं, तिथे गाळ बसतो. तो थरागणिक तपासून लेखी नोंदींच्याही आधीच्या पुरांचा अंदाज बांधायचा! नदीनं स्वतःच लिहिलेली रोजनिशी म्हणा ना.

2001 मध्ये अविजित गुप्ता यांच्यासह त्यांचं भूरूपशास्त्राचं पाठ्यपुस्तक आलं. 2014 मध्ये भारतातल्या भूदृश्यांवरचा इंग्रजी ग्रंथ त्यांनी संपादित केला. पुस्तकं महत्त्वाची खरीच, पण मला भुरळ पडते ती गाळाची.

आपली येरळा नदी खटावकडून येते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. उन्हाळ्यात कोरडी पडली, की तिच्या कापलेल्या काठाजवळ जरूर थांबा. वाळू कुठे, चिकणमाती कुठे, गोटे कुठे, एवढं नुसतं पाहा.