रुग्णशय्येशेजारचा विद्यार्थी

घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागते. पाहुणा मोसंब्यांची पिशवी टेबलावर ठेवतो, खुर्ची ओढून बसतो, ताप किती आहे तें विचारतो, डॉक्टर कोण हें विचारतो आणि त्याच्यापेक्षां चांगला डॉक्टर कोण तेंही सांगतो. मग त्याच्या आतेभावाला हेंच दुखणें कसें झालें होतें, ती हकीकत निघते. तिचा शेवट काय झाला हें ध्यानांत येतांच पाहुणा मध्येंच थांबतो, "काळजी करूं नका, सगळें बरें होईल," असें म्हणतो आणि चहा घेऊन उठतो. त्याच्या सद्‌हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु अर्ध्या तासांत त्या खोलींत जें बोलणें झालें, त्यांतलीं किती वाक्यें अंथरुणावरच्या माणसाच्या वांट्याला आलीं, हें कोणी मोजीत नाहीं.

औषध देणें ही विद्या आहे आणि ती शिकण्यासाठीं अनेक वर्षें घालवावीं लागतात. शुश्रूषा हीही विद्याच आहे. पण दुखणाइताजवळ बसणें आणि त्याच्या मनांतलें भय ऐकून घेणें, हें मात्र ज्याला त्याला उपजतच येतें असें धरून चालण्याचा प्रघात आहे. हें शिकवतां येईल काय? शिकवावयाचें तर शाळा कोठली आणि पाठ्यपुस्तक कोणतें? ह्या प्रश्नांना अमेरिकेंतील एका धर्मोपदेशकानें १९२५ सालीं उत्तर दिलें. तें उत्तर, आणि त्यासाठीं त्या गृहस्थाला जें भोगावें लागलें तें, हा ह्या भाषणाचा विषय आहे.

पाश्चात्त्य देशांत पलटणीला, तुरुंगाला, कॉलेजाला जसा एक धर्मोपदेशक नेमलेला असतो तसा तो इस्पितळालाही असतो. त्याला चॅपलेन म्हणतात. रविवारीं उपासना चालविणें, खाटेजवळ प्रार्थना म्हणणें, मरणोन्मुख माणसाला अखेरचे संस्कार देणें, हीं त्याचीं परंपरागत कामें. ह्या कामाची तयारी धर्मविद्यालयांत होई. तेथें हिब्रू व ग्रीक भाषा, धर्मग्रंथांचे अर्थ, चर्चचा इतिहास आणि प्रवचनाची कला हे विषय शिकविले जात. विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडे आणि दुसऱ्या दिवशीं मरणाच्या दारांत असलेल्या माणसासमोर उभा राही. तोंपर्यंत असा माणूस त्यानें जवळून पाहिलेलाही नसे.

ही विसंगति बॉस्टन शहरांतील डॉ. रिचर्ड कॅबट ह्यांना फार खटकली. कॅबट हे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील नाणावलेले डॉक्टर. रुग्णाच्या घरची स्थिति जाणून घेतल्यावांचून औषधाचा उपयोग नाहीं, हें ओळखून १९०५ सालीं त्यांनीं आपल्या इस्पितळांत समाजसेवेचें काम सुरू केलें होतें. १९२५ सालीं त्यांनीं एक निबंध प्रसिद्ध करून अशी मागणी केली कीं, वैद्यकाच्या विद्यार्थ्याप्रमाणें धर्मोपदेशकाच्या विद्यार्थ्यानेंही एक वर्ष प्रत्यक्ष रुग्णांमध्यें काढावें. केवळ पुस्तकें वाचून शस्त्र हातीं धरणाऱ्याला आपलें शरीर कोणी देणार नाहीं. मग मन तेवढें कां द्यावें, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता.

कॅबट ह्यांनीं मागणी केली. ती अंमलांत आणली दुसऱ्या एका गृहस्थांनीं. त्यांचें नांव अँटन बॉयसन. जन्म १८७६ सालचा, इंडियाना संस्थानांतील ब्लूमिंग्टन गांवचा. वडील तेथील विद्यापीठांत भाषांचे प्राध्यापक होते. अँटन सात वर्षांचे असतांनाच ते वारले. पुढें बॉयसन ह्यांनीं आधीं वनविद्येचा आणि मग धर्मशास्त्राचा अभ्यास केला व लहान लहान गांवांच्या चर्चमधून उपदेशकाचें काम पाहिलें. परंतु कोठेंच जम बसला नाहीं. १९२० सालच्या ऑक्टोबरांत, चव्वेचाळिसाव्या वर्षीं, पुन्हा उपदेशकाचें काम मिळावें म्हणून आपल्या श्रद्धेचें निवेदन ते लिहीत बसले असतां त्यांच्या मनाचा तोल एकाएकीं गेला. जगावर महासंकट ओढवलें आहे, अशा भयंकर कल्पना त्यांना ग्रासूं लागल्या. घरच्यांनीं त्यांना मनोरुग्णांच्या इस्पितळांत नेलें. त्या काळीं लोक अशा जागेला सरळ वेड्यांचें इस्पितळ म्हणत. बाहेर पडावयास त्यांना सुमारें सव्वा वर्ष लागलें.

ह्या सव्वा वर्षांत बॉयसन ह्यांना इस्पितळ दिसलें तें खाटेवरून. मधून मधून मन शुद्धीवर येई, तेव्हां ते भोंवतालीं काय चाललें आहे तें बारकाईनें पाहत. डॉक्टर येत आणि जात. रोग्याच्या विलक्षण बोलण्यांत कांहीं अर्थ असेल म्हणून तें ऐकत बसण्याइतका अवकाश कोणापाशीं नव्हता. धर्मोपदेशकही येत. त्यांना धर्माची माहिती असेल, पण समोर बसलेल्या माणसांच्या दुखण्याची कांहींच नव्हती. पापाला प्रवृत्त करणारा डोळा उपटून टाकावा अशा आशयाचें जें वचन बायबलांत आहे, नेमकें तेंच एका उपदेशकानें प्रवचनासाठीं घेतलें. ऐकणाऱ्यांपैकीं एखादा रोगी तें अक्षरशः अंमलांत आणील कीं काय, ह्या भीतीनें बॉयसन बेचैन झाले. उपदेशक विद्वान होता, वचन पवित्र होतें. फक्त ऐकणारा कोण आहे एवढेंच त्याला ठाऊक नव्हतें.

बरे होऊन बाहेर पडल्यावर बॉयसन पुन्हा विद्यार्थी झाले. कॅबट ह्यांच्या वर्गांत त्यांनीं व्यक्तिशः एकेका माणसाची हकीकत तपासण्याची पद्धति आत्मसात केली. ज्या जगांतून सुटून यावें म्हणून इतर लोक धडपडतात, त्याच जगांत त्यांना परत जावयाचें होतें. १९२४ सालीं वुस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विल्यम ब्रायन ह्यांनीं त्यांना चॅपलेन म्हणून नेमलें. एके काळच्या रोग्याला असें अधिकारपद देणें ही त्या काळीं धाडसाची गोष्ट होती. पुढील वर्षीं, १९२५ च्या उन्हाळ्यांत, बॉयसन ह्यांनीं तेथें चार विद्यार्थी घेतले आणि ही नवी शाळा सुरू झाली.

त्या शाळेंत आरंभीं प्रवचन नव्हतें कीं प्रार्थनाही नव्हती. विद्यार्थ्यांना वॉर्डांतील साधे सेवक म्हणून कामाला लावलें जाई. रोग्यांना आंघोळ घालणें, जेवूं घालणें, फिरावयास नेणें, त्यांच्याबरोबर खेळणें, ह्यांत दिवस सरे. दिवसभर जें पाहिलें व ऐकलें त्याचें टिपण संध्याकाळीं लिहावयाचें, डॉक्टरांच्या चर्चेस बसावयाचें आणि एकेका रोग्याच्या जीवनाची हकीकत जुळवावयाची. छापील ग्रंथ जसे काळजीपूर्वक वाचतों तसाच रोगी हा एक सजीव ग्रंथ समजून वाचावा, आणि वाचण्यापूर्वींच त्याचा अर्थ ठरवूं नये, अशी बॉयसन ह्यांची शिकवण होती. आपल्या रोग्यांसाठीं त्यांनीं प्रार्थनागीतांचा एक निराळा संग्रहही केला. भेदरलेल्या मनाला आणखी भेदरवील असें गीत त्यांत नसावें, अशी काळजी घेतली. पहिल्या चार विद्यार्थ्यांत हेलन फ्लँडर्स डनबार ह्या एक विदुषी होत्या. मनाच्या क्लेशांचा शरीराच्या रोगांशीं काय संबंध असतो, ह्याच्या अभ्यासांत पुढें त्यांनीं मोठें नांव मिळविलें.

१९३३ सालीं रसेल डिक्स हे तरुण धर्मोपदेशक कॅबट ह्यांच्या इस्पितळांत चॅपलेन म्हणून आले आणि त्यांच्या हातून ह्या शिक्षणाला एक नवें साधन मिळालें. रुग्णाजवळून परत आल्यावर तो काय बोलला आणि त्याला आपण काय उत्तर दिलें, तें आठवून शब्दशः लिहून काढण्याची त्यांची रीत होती. आज ह्या शिक्षणाचा पाया म्हणजे असें लिहिलेलें संभाषण. विद्यार्थी तें शिक्षकापुढें व सहाध्यायांपुढें ठेवतो, आणि वाक्यावाक्याची छाननी होते.

ही छाननी कशी होते, हें एका कल्पित प्रसंगावरून कळेल. रुग्ण म्हणतो, "उद्यां ऑपरेशन आहे. मुलगी अजून लहान आहे हो." विद्यार्थी म्हणतो, "येथले सर्जन फार निष्णात आहेत." रुग्ण म्हणतो, "हो, सगळे तसेंच सांगतात," आणि भिंतीकडे तोंड वळवतो. विद्यार्थ्याला वाटतें कीं आपण धीर दिला. शिक्षक विचारतो, "मुलीचें काय झालें?" वर्गांत शांतता पसरते. रुग्णानें मुलीचा विषय काढला होता. उत्तरांत मुलगी कोठेंच नाहीं. सर्जन निष्णात आहेत हें खरें असेल. पण तें वाक्य बोललें गेलें तें कोणासाठीं? लहान मुलीला मागें ठेवून जाण्याची कल्पना विद्यार्थ्यालाच असह्य झाली आणि त्यानें तो विषय मिटविला. "मुलगी केवढी आहे?" एवढा एकच प्रश्न त्यानें विचारला असता तर कदाचित् रुग्ण तासभर बोलला असता, कदाचित् रडला असता. त्या रडण्याला आपण भ्यालों, हें विद्यार्थ्याच्या ध्यानांत आलें म्हणजे त्याचा पहिला धडा झाला.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, दया ही हृदयाची वस्तु आहे. तिचीं टिपणें काढून आणि गुण देऊन ती यांत्रिक होणार नाहीं काय? आक्षेप रास्त आहे. दया कोणतीही शाळा निर्माण करूं शकत नाहीं. परंतु ज्याच्या अंगीं दया आहे त्याच्याही मार्गांत त्याचें स्वतःचें भय, उपदेशाची संवय आणि स्तब्धता सहन न होणें, हे अडथळे असतात. ते दाखवून देणें शाळेला शक्य आहे. पाहुण्याच्या ठिकाणीं सद्‌भाव नसतो असें नाहीं; तो ह्या अडथळ्यांशीं अडखळतो, इतकेंच.

ह्या शाळेच्या आद्य गुरूची परीक्षा मात्र संपली नव्हती. १९३० सालीं ह्या शिक्षणाची व्यवस्था पाहण्यासाठीं बॉस्टन येथें एक मंडळ स्थापन झालें. आणि त्याच वर्षीं बॉयसन ह्यांचें मन पुन्हा ढासळलें. कॅबट व त्यांच्यांत मतभेद होताच. मनाचे विकार मूलतः शरीरांतून उद्भवतात, असें कॅबट मानीत. कांहीं विकार ही माणसाच्या अंतरात्म्यानें संकटांतून वाट काढण्याची धडपड असते, असें बॉयसन म्हणत. ह्या दुसऱ्या दुखण्यानंतर शिक्षणाचीं सूत्रें त्यांच्या हातीं नसावींत, असा आग्रह कॅबट ह्यांनीं धरला. स्वतः स्थापिलेल्या कार्यांत बॉयसन बाजूला पडले.

पण त्यांनीं इस्पितळ सोडलें नाहीं. इलिनॉय संस्थानांतील एल्जिन येथल्या मनोरुग्णालयांत ते चॅपलेन म्हणून गेले. १९३६ सालीं त्यांनीं आपल्या अभ्यासाचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९६० सालीं वयाच्या चौऱ्यायशींव्या वर्षीं आत्मचरित्र छापलें. त्यांत स्वतःच्या वेडाची हकीकत इस्पितळाच्या दप्तरांतील नोंदींसह दिली आहे. आयुष्यभर इतरांना सजीव ग्रंथ म्हणून वाचणाऱ्या ह्या माणसानें अखेरीस स्वतःचें पानही झांकून ठेवलें नाहीं. १९६५ सालीं एल्जिन येथेंच ते वारले.

त्यांनीं लावलेलें रोप मात्र फोफावलें. १९६७ सालीं अमेरिकेंतील निरनिराळीं मंडळें एकत्र येऊन ह्या शिक्षणाची एक संस्था बनली. आज तेथें एका सत्राला किमान ४०० तास द्यावे लागतात. त्यांतले बहुतेक प्रत्यक्ष रुग्णांमध्यें व किमान १०० तास शिक्षकांबरोबरच्या चर्चेंत जातात. शिकणारे आतां केवळ ख्रिस्ती नाहींत; ज्यू, मुसलमान, बौद्ध व हिंदूही आहेत. स्वतःचा धर्म रुग्णावर लादूं नये, हा येथला कडक नियम आहे. ज्याचा देवावर विश्वास नाहीं अशा रुग्णाजवळही चॅपलेन बसतो. कारण आपण कोणाचें काय बिघडविलें, आपल्यामागें घरच्यांचें कसें होईल, हे प्रश्न नास्तिकालाही सुटत नाहींत.

त्याच १९६७ सालीं लंडन येथें डॉ. सिसिली सॉन्डर्स ह्यांनीं असाध्य रोग्यांसाठीं सेंट ख्रिस्तोफर्स हा आश्रम उघडला. सॉन्डर्सबाई आधीं परिचारिका, मग रुग्णांची सामाजिक विचारपूस करणाऱ्या सेविका आणि अखेर डॉक्टर झाल्या. १९४८ सालीं वॉर्सा शहरांतून आलेला एक ज्यू गृहस्थ त्यांच्या ओळखीच्या वॉर्डांत कॅन्सरनें मरणपंथाला लागला होता. त्याच्याशीं झालेल्या बोलण्यांतून ह्या आश्रमाची कल्पना निघाली. त्यांत आपली एक खिडकी असावी म्हणून त्यानें ५०० पौंड ठेवले. वेदना चार प्रकारची असते, शरीराची, मनाची, संसाराची आणि आत्म्याची, आणि चारींची एकत्र दखल घेतल्याविना एकही नीट शमत नाहीं, हा सॉन्डर्सबाईंचा सिद्धान्त आज जगभर मान्य झाला आहे.

ह्याच विचाराचा दिवा १९८६ सालीं मुंबईस लागला. कॅन्सरवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. लुईस डिसोझा ह्यांनीं वांद्रे येथें शांति अवेदना सदन स्थापिलें. असाध्य कॅन्सरच्या रोग्यांसाठीं भारतांतील हा पहिला आश्रम. पुढें गोव्यांत व दिल्लींतही त्याच्या शाखा निघाल्या. धर्मजातीचा भेद न करतां रोग्यांना तेथें विनामूल्य ठेवून घेतलें जातें. जोगिणी त्यांची सेवा करतात. ज्याला औषधानें आतां बरें करतां येत नाहीं, त्याच्यासाठीं करण्याजोगें बरेंच उरतें, ही गोष्ट तेथें रोज प्रत्ययाला येते.

तथापि आपल्याकडे दुखणाइताच्या उशाशीं बसण्याचें काम बहुशः घरच्यांनाच करावें लागतें. चॅपलेनच्या सत्राचे ४०० तास त्यांना कोठून मिळणार? परंतु त्या शाळेंतले पहिले दोन-तीन धडे घरींही घेतां येण्याजोगे आहेत. खुर्ची अशी ठेवावी कीं रुग्णाला मान वर करून बोलावें लागूं नये. त्यानें ज्याचें नांव काढलें त्याच्याविषयींच पुढें विचारावें. तो गप्प राहिला तर आपणही थोडा वेळ गप्प राहावें. ती स्तब्धता भरून काढण्यासाठीं आतेभावाची हकीकत काढूं नये. आणि "सगळें बरें होईल" हें वाक्य ओठांवर येईल तेव्हां, तें आपण रुग्णासाठीं बोलत आहों कीं स्वतःसाठीं, एवढें क्षणभर मनाशीं विचारून पाहावें.

मोसंबीं न्यावयास हरकत नाहीं. तीं टेबलावर ठेवून झाल्यावर पाहुण्यानें विचारावें, "आज रात्रीं झोंप लागली का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबावें.