कूलरला हात लावला की झिणझिण्या? बल्बवर विसंबू नका

आज अर्थिंगबद्दल बोलू, आणि तेही आपल्या वाशिमकडच्या घरांचं.

एप्रिल आला की घरोघरी पत्र्याचे कूलर निघतात. ओली फरशी, अनवाणी पाय. हात लागला की झिणझिण्या येतात आणि कुणीतरी म्हणतं, "पिन उलटी करून लाव." कधीकधी झिणझिण्या थांबतातही. बिघाड मात्र आत तसाच असतो.

मग वायरमन येतो. फेज आणि अर्थिंगमध्ये 100 वॅटचा बल्ब लावून दाखवतो. पेटला, म्हणजे अर्थिंग ओके! इथंच फसगत होते. त्या बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही. अर्थिंग 50 ओहमची, म्हणजे पार कामातून गेलेली असली तरी तो झकास पेटतो.

आता हिशोब बघा. जमिनीतून डीपीपर्यंतचा सगळा रस्ता मिळून 20 ओहम धरा. कूलरच्या बॉडीला फेज लागला तर 230 भागिले 20, साडेअकरा अँपिअर. तुमचा एमसीबी 16 अँपिअरचा. तो पडणारच नाही! बॉडी तशीच जिवंत राहते.

आपली काळी माती पावसाळ्यात अर्थिंगला छान. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, माती पाइपापासून सुटते. म्हणजे कूलरच्या दिवसांतच अर्थिंग सगळ्यात कमजोर. काही ठिकाणी हातभर खाली काळा दगड लागतो. तिथं उभा पाइप अर्धवट ठोकून मोकळं होण्यापेक्षा लांब चर खणून आडवी जीआय पट्टी गाडलेली बरी. जुन्या घरांत तर अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली असायची. पाइप बदलून पीव्हीसी आला, तार तिथंच लोंबकळत राहिली.

बाँडिंग म्हणजे काय? गिझर, लोखंडी नळ, मोटरची बॉडी, सगळं एकाच हिरव्या तारेला जोडायचं. मग एक हात गिझरला, दुसरा नळाला लागला तरी दोन्हींत फरक उरत नाही.

आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवाच. अर्थिंग असेल तर बिघाड होताच तो पडतो. नसेल तर कुणाला तरी शॉक लागल्यावर पडतो. फरक कळला ना?

एक गोष्ट अजिबात करू देऊ नका: बोर्डात न्यूट्रल आणि अर्थची पिन जोडणं. न्यूट्रल तुटला की प्रत्येक पत्र्याच्या वस्तूवर फेज येतो. अशा घरात आरसीसीबी सारखा पडतो, आणि मग "हा खराब आहे" म्हणून तोच काढून टाकतात. काय बोलावं!

पैसे कमी असतील तर आधी आरसीसीबी आणि प्रत्येक बोर्डापर्यंत हिरवी तार, खड्डा लगेच पुढच्या महिन्यात. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, मोजणी अर्थ टेस्टरनं, आणि तीही मे महिन्यात. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. आणि हो, कूलरमध्ये पाणी भरताना प्लग आधी काढा.