आग्रहाचा घास

(पालक मेळाव्यात एका शिक्षकाने केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आपण नेहमी अभ्यास, शिस्त आणि परीक्षा यांविषयी बोलतो. आज मी निराळा विषय घेतला आहे. वजन कमी करण्यासाठी पोटाचे ऑपरेशन झालेल्या माणसाने पहिले काही आठवडे काय खावे, आणि त्या काळात घरच्यांनी कसे वागावे, हा तो विषय. मी डॉक्टर नाही. मराठी व इतिहास शिकविणारा साधा शिक्षक आहे. परंतु माझ्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आपाचे, हे ऑपरेशन झाले, आणि तेव्हा माझ्या हातून एक चूक घडली. ती आपल्यापैकी कोणाच्या हातून घडू नये, एवढ्यासाठीच मी उभा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. हे ऑपरेशन म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे पुष्कळांना वाटते. नितीन गडकरी यांनी ते २०११ साली मुंबईत करून घेतले, अरुण जेटली यांनी २०१४ साली दिल्लीत. त्यामुळे हा मोठ्या लोकांचा प्रकार आहे, असा आपला ग्रह झाला. परंतु लठ्ठपणा हा केवळ आळसाचा परिणाम नव्हे, तो एक आजार आहे. आपाला मधुमेह होता, गुडघे धरले होते. कल्याण स्टेशनचा पूल चढताना ती दोनदा थांबत असे, आणि मागची गर्दी तिला नको ते ऐकवीत असे. सर्व उपाय थकल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने हा निर्णय घेतला.

या ऑपरेशनचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. 'स्लीव्ह' या प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. 'बायपास' या प्रकारात जठराची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत आत लांबलचक टाके असतात. पोटावरच्या जखमा बोटाच्या पेराएवढ्या दिसतात; म्हणून घरच्यांना वाटते, फार काही झालेले नाही. खरी जखम आत असते आणि ती भरून येण्यास आठवडे लागतात.

म्हणूनच खाणे पायरीपायरीने वाढवावयाचे असते. पहिले एकदोन दिवस पाणी, गाळलेले सूप, पातळ ताक यांचे घोट. नंतर साधारण दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ: दूध, डाळीचे पाणी, डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची पावडर. त्यानंतर मिक्सरमध्ये एकजीव केलेले अन्न, मग मऊ खिचडी, अंडे, दही, शिजवून कुस्करलेली मासळी. नेहमीचे जेवण साधारण सहा ते आठ आठवड्यांनी. प्रत्येक रुग्णाचा तक्ता निराळा असतो; शेजारणीचा तक्ता आपल्या घरी चालवू नये.

या काळात तीन गोष्टी विसरू नयेत. पहिली, पाणी. दिवसाकाठी सुमारे दीड लिटर द्रव पोटात जावयास हवा, परंतु एका दमात नव्हे. औषधाच्या बाटलीच्या टोपणाएवढे एकेक घोट, दिवसभर. दुसरी, जेवण आणि पाणी एकत्र घेऊ नये. मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा. तिसरी, प्रथिने. दिवसाला साधारण ६० ग्रॅम किंवा अधिक लागतात. त्यासाठी भातापेक्षा अंडे, डाळ, दही यांना आधी मान. छातीखाली दाब जाणवला की ताटात काही का उरेना, हात थांबवावा.

हे सर्व कागदावर आमच्याजवळ होते. तरीही चूक झाली.

ऑपरेशननंतरचा तो बारावा दिवस. भिवंडीहून आमचे नातेवाईक आपाला पाहावयास आले होते. अम्मीने मटण बिर्याणी केली होती. आम्ही सगळे दस्तरखानावर बसलो आणि आपा कोपऱ्यात डाळीच्या पाण्याची वाटी घेऊन. मला ते पाहवेना. मी म्हणालो, "आपा, एक घास. माझ्या हातचा." ती नको नको म्हणाली. मी म्हणालो, "एवढ्याशा घासाने काय होते? माझ्यासाठी तरी खा." लहानपणी मला भरवणारी ती बहीण, तिने माझे मन मोडले नाही.

पाच मिनिटांत तिच्या छातीत कळ आली. मग उलट्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. रात्री डॉक्टरांनी फोनवर ताबडतोब आणावयास सांगितले. कल्याणहून ठाण्याला जाताना शिळफाट्याच्या रांगेत गाडी अडकली, आणि माझ्या खांद्यावर डोके ठेवून आपा मलाच धीर देत होती. अल्लाहच्या कृपेने टाके शाबूत निघाले. रात्रभर सलाईन लावून दुसऱ्या दिवशी तिला घरी सोडले. निघताना डॉक्टर मला एवढेच म्हणाले, "पेशंट एक असला तरी पथ्य सगळ्या घराने पाळायचे असते, सर."

बंधुभगिनींनो, आग्रह हा आपल्या घरांचा दागिना आहे. दूधनाक्यावर जा, राबोडीत जा, मुंब्र्यात जा, पाहुणा उपाशी परतणार नाही. परंतु ज्या पोटात दोन चमच्यांची जागा आहे, तेथे तिसरा चमचा हे प्रेम नव्हे.

त्यानंतर आमचे घर बदलले. आठवीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने वेळापत्रक लिहून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवले. अम्मीने आपासाठी लहान वाटी आणि लहान चमचा वेगळा काढला. पाहुण्यांना दारातच सांगू लागलो, "खाऊ आणू नका, गप्पा आणा." शेजारच्या खाला रोज संध्याकाळी तिला गल्लीत फेऱ्या मारावयास नेत, चालण्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. पाण्याची बादली मात्र सहा आठवडे तिला कोणी उचलू दिली नाही.

काही लक्षणे लक्षात ठेवा: ताप, छातीची धडधड, पोटात किंवा खांद्यात वाढती वेदना, न थांबणारी उलटी, पोटरीला सूज, धाप. यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. अंगदुखीवर घरातली कोणतीही गोळी देऊ नका. काही वेदनाशामके या पोटात जखम करतात. जीवनसत्त्वे, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि रक्ततपासणी ही पुढे कायमची सोबत आहे. तीनचार महिन्यांनी केस गळू लागतात. ते बहुधा पुन्हा येतात, घाबरू नये. तरुण स्त्रियांनी वर्षदीड वर्ष गरोदरपण टाळावे, असा सल्ला दिला जातो.

रमजानविषयी विचारणा होते. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. ज्याला घोटाघोटाने दिवसभर पाणी प्यावयाचे आहे, त्याने ती सवलत संकोच न करता घ्यावी, आणि पुन्हा रोजे केव्हा धरावेत ते डॉक्टरांना विचारून ठरवावे.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. वर्गातल्या जाड मुलाला नावे ठेवू नका. आपाला शाळेत मिळालेले टोपणनाव ती आजही विसरलेली नाही. आणि घरात कोणी पथ्यावर असेल, तर त्याच्या वेळापत्रकाचे राखणदार तुम्ही व्हा. मोठी माणसे प्रेमाच्या भरात चुकतात, मी चुकलो.

आज आपा कल्याण स्टेशनचा पूल न थांबता चढते. मागच्या ईदला तिने शीरखुर्म्याचे दोन चमचे घेतले आणि वाटी खाली ठेवली. कोणीही आग्रह केला नाही. ती माझ्याकडे पाहून हसली.