देखरेख उंबरठ्याच्या आत



आपल्या या महाड गावात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. इथून जवळच बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ पासून डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसले, नाडी आणि रक्तदाब टिपत राहिले. प्राझोसिन या औषधाचा उपचार त्या नोंदींच्या आधारानं उभा राहिला. आजचा आपला विषयही उशाशी बसणाऱ्या माणसाचा आणि त्याच्या वहीचाच आहे.

आमच्याकडचा तरुण मुंबई-सुरतेला. वाडीवर म्हातारी माणसं. वडिलांना पक्षाघात होतो, चार दिवसांत दवाखान्यातून घरी सोडतात, मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोला फोन जातो आणि पेशंट सांभाळणारी मावशी येते. मुलगा संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बाबांचा चेहरा पाहतो. पाठ कोण पाहतं? दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडापाशी कातडी लाल होते, मग फुटते. लघवीची पिशवी खाटेवर ठेवली की लघवी उलटी फिरते. इन्सुलिनचं तर विचारूच नका. ४० युनिटच्या बाटलीची सिरिंज लाल टोपणाची, १०० युनिटची नारिंगी. १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात जातात ५० युनिट! हे मावशीला कुणी शिकवलेलंच नसेल, तर दोष तिच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही.

आणि कायदा? १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याला दवाखान्यातली खाट दिसते, घरातली दिसत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ नागरिक कायद्याचं दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं. घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद त्यात होती. २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही बुडालं. याची मला मनापासून खंत वाटते.

पण नुसत्या नोंदणीनं भागणार नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळं सांभाळायला शिकवलं, आणि बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. शिकवून त्या बायकांना वाऱ्यावर सोडलं नव्हतं. त्यांच्या नोंदी गावात जाऊन पडताळल्या जात. आमच्या डोंगरकपारीतही हेच हवं. उशाशी एक वही, आणि महिन्यातून एकदा आगाऊ न कळवता भेट देणारी परिचारिका. तिनं वही वाचावी, पेशंटला कुशीवर वळवून पाठ पाहावी. मग मावशीला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन विचारावं, तू रात्री झोपतेस कुठे, जेवतेस का, या घरात तुला कुणाचा त्रास आहे का? सलग चोवीस तास राबणाऱ्या बाईच्या हातून चूक होणारच. तिची सुरक्षितता हा पेशंटच्या सुरक्षिततेचाच भाग आहे.

आणखी एक, खास आमचं. जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीचं पाणी महाडात शिरलं, तळीये आणि पोलादपूरच्या वाड्यांवर दरडी कोसळल्या. वीज गेली, फोन बंद पडले. अशा वेळी ऑक्सिजनच्या यंत्रावर कोण आहे, खाटेवरून कुणाला उचलून न्यावं लागेल, हे शोधत बसायला सवड नसते. ही यादी मे अखेरीस प्रत्येक तलाठ्याच्या आणि पोलीस पाटलाच्या हाती असलीच पाहिजे.

वही, भेट आणि यादी या तिन्हींचा ठराव स्वागत समिती परिषदेच्या दुपारच्या सत्रात मांडणार आहे. चर्चेत आधी मावश्यांनी बोलावं, आम्ही डॉक्टर मंडळी नंतर बोलू.