आधी धुवा, मग रंगवा

किटमधून नॅरो गेजच्या इंजिनाचं मॉडेल बनवणाऱ्या मंडळींशी आज बोलायचंय. जोडणीबद्दल मी बोलणार नाही. जोडता तुम्ही छानच; वाट लावता ती रंगवताना.

आपल्या अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वेचे कर्ते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शीला गाडी पोचली १८९७ मध्ये. याच गृहस्थांनी इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड लाइनचंही काम पाहिलं. तीही अडीच फुटी, १९०४ साली सुरू झालेली. तिच्यासाठी लीड्सच्या किटसन कंपनीनं दोन टँक इंजिनं बांधली, त्यातल्या एकाला नाव खुद्द कॅलथ्रॉप यांचं. असं इंजिन आपण फुटाला चार मिलिमीटर या मापानं करतो. अडीच फुटांचे होतात दहा मिलिमीटर, रूळ घेतो नऊचे. हा एक मिलिमीटर कुणाला खुपत नाही. खुपतो रंगाचा थर! मॉडेल मुळापेक्षा शहात्तर पट लहान. थर ०.१ मिलिमीटर बसला, तर खऱ्या इंजिनावर साडेसात मिलिमीटरचा गिलावा झाला की हो. रिव्हेट दिसणार कुठून?

म्हणून सांगतो, आधी धुवा. मोटर आणि चाकं काढून ठेवा. पितळी पत्र्याला डाग देताना लावलेला फ्लक्स सांदीकोपऱ्यात राहतो, वर आपल्या बोटांचं तेल. त्यावर रंग धरत नाही. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश; एवढ्यानं भागतं. मग पितळेला धरणारा एच प्रायमर, तोही पातळ. प्रायमरच्या करड्या रंगावर राहिलेल्या भेगा लगेच दिसतात. त्या बुजवा, घासा आणि पुन्हा धुवा. हो, पुन्हा!

आता वाळवणाचं बघा. पापड जाड लाटला की वरून वाळतो, आत ओला राहतो. हाताला कोरडा लागला म्हणून डब्यात भरला, की बुरशी आलीच. रंगाचंही तसंच. वरची साय वाळली म्हणून घाईनं दुसरा हात मारलात, की सुरकुत्या. तेव्हा पातळ लाटा, धूळ बसू नये म्हणून झाका, ऊन पुरेसं खाऊ द्या. आणि भर पावसाळ्यात पापड कोण घालतं? दमट हवेत स्प्रेचा रंग पांढुरका पडतो. घरातल्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. तुम्ही मात्र संध्याकाळी रंग देता आणि रात्री नावाची पाटी चिकटवायला बसता!

ट्रान्स्फरची अक्षरं चकचकीत रंगावरच नीट बसतात, खरखरीत मॅटवर त्यांच्याखाली हवा राहते. मॅट वार्निश त्यानंतर. आणि बारीक रेघांसाठी रूलिंग पेन धरायचं ते... पण वेळ संपल्याची खूण झाली, तो विषय राहिला. तेवढ्यात एकच विचारतो. प्रायमरनंतर भेगा घासल्या होत्यात ना? मग धुतलंत का? नाही ना? उठा, धुवा.