रक्तवाहिनीचे अस्तर आणि कर्करोग



पिकाला दिलेले पाणी तण कसे ओढून घेते, हे जैनथच्या कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. कर्करोगाची गाठ एक पाऊल पुढे जाते. ती आपल्या दिशेने नवे पाटच खोदवून घेते. पाट खोदणारे मजूर मात्र तिचे नसतात. ते आपल्याच शरीराचे असतात.

रक्तवाहिन्यांना आतून पेशींचा एकपदरी थर असतो. परिभाषेत त्याला अंतःस्तर म्हणतात. 'अस्तर' हा शिंप्याचा शब्द अधिक बोलका आहे. प्रौढ वयात या पेशी क्वचितच विभागतात. जखम भरताना तेवढ्या जाग्या होतात. बोस्टनचे शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली असे मांडले, की एकदोन मिलिमीटरांपलीकडे वाढण्यासाठी गाठीला रक्त हवे, आणि त्यासाठी ती रासायनिक संदेश धाडून या निद्रिस्त पेशींना उठविते. पुष्कळांनी ही कल्पना तेव्हा उडवून लावली. पण पुढे ते संदेशवाहक प्रथिन हाती आले, आणि २००४ मध्ये त्याला अडविणारे बेव्हासिझुमॅब हे औषध अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाले.

घाईत बांधलेल्या या वाहिन्या वेड्यावाकड्या नि गळक्या असतात. त्यांतूनच कर्कपेशी रक्तात शिरून अन्यत्र बिऱ्हाड थाटतात. रसद तोडली की रोग उपाशी मरेल, ही १९९८ च्या सुमाराची वर्तमानपत्री आशा मात्र फोल ठरली. गाठ दुसऱ्या वाटा शोधते.

तरीही या विचाराचे एक फळ आपल्या अगदी जवळचे आहे. पैनगंगेपलीकडे विदर्भात खर्रा घरोघर पोचला आहे, आणि तंबाखूमागोमाग मुखकर्करोग येतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने, रोग बरा होण्याची आशा नसलेल्या डोके-मानेच्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या जुन्या, स्वस्त गोळ्या अल्प मात्रेत सतत दिल्या. अशा मात्रेचा रोख गाठीइतकाच तिच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असतो. दुसऱ्या गटाला शिरेतून सिस्प्लॅटिन दिले. गोळ्यांच्या गटातील निम्मे रुग्ण ७.५ महिन्यांहून अधिक जगले; दुसऱ्या गटात हाच आकडा ६.१ होता.

दीड महिना कोणास क्षुल्लक वाटेल. पण या गोळ्या घरी, आपल्या माणसांत बसून घेता येतात. शिरेत सुई टोचून घेण्यासाठी दूरच्या शहरात मुक्काम करावा लागत नाही.