ज्याला पुन्हा मते मागायची आहेत



निवडणूक म्हटली की आपले डोळे दिल्ली-मुंबईकडे लागतात. पण शेतमजुराच्या संसाराला रोज लागते ती गावची शाळा, आरोग्य केंद्रातले औषध आणि शिवारातून बाजारापर्यंतचा रस्ता. ही कामे बहुतांशी जिल्हा परिषदेकडची. म्हणून आज आम्ही तिच्या निवडणुकीविषयी बोलणार आहोत.

या व्यवस्थेचे आपल्या जिल्ह्याशी जवळचे नाते आहे. १९६० साली राज्य सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक आपल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. बळवंतराय मेहता समितीने १९५७ साली तालुक्यावर भर दिला होता. नाईक समितीने जिल्हा मुख्य धरला आणि कलेक्टरला परिषदेबाहेर ठेवले. १९६१ साली कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. विचार साधा होता : कारभार लोकांनी निवडलेल्यांचा, अधिकारी त्यांच्या हाताखाली.

पुढे ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक, असे घटनेतच लिहिले गेले. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या.

आणि घडले काय? आपल्या जिल्हा परिषदेसाठी फेब्रुवारी २०१७ मध्ये मतदान झाले. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली. आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि सोळाही तालुक्यांवर प्रशासकाचा अंमल आला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले. तीही मुदत पुढे वाढवून द्यावी लागली.

कोणी म्हणतील, सदस्य तरी काय दिवे लावत होते? ठेकेदारीच ना? काही ठिकाणी तसे असेलही. प्रशासक सचोटीचा असू शकतो, हेही आम्हांला मान्य आहे. पण संघटना बांधताना आम्ही एक गोष्ट शिकलो. ज्याला पुन्हा मते मागायची आहेत, त्याला वाटेत थांबवून जाब विचारता येतो. ज्याची बदली व्हायची आहे, त्याला अर्ज करावा लागतो; आणि अर्जाला उत्तर येईपर्यंत तो दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो.

मात्र मत दिले की काम संपले, असेही नव्हे. वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हाव्यात, असा कायदा आहे. केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव तालुक्यांतल्या अनुसूचित गावांत तर १९९६ च्या कायद्याने ग्रामसभेला अधिक अधिकार दिले आहेत. पण वेचणीची मजुरी किलोवर मिळते. सभेत दिवस गेला की त्या दिवसाची चूल अडते. मग सभेला येतो तो ज्याचा दिवस बुडत नाही, आणि ठरावही त्याच्याच सोयीचा होतो.

तेव्हा आमच्या दोन मागण्या आहेत. मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. आणि ग्रामसभा मजूर कामावरून परतल्यावर, संध्याकाळी, भरली पाहिजे. पहिली मागणी मुंबईला करायची आहे. दुसरी आपल्याच सरपंचाकडे. ती उद्या सकाळी करता येईल.